सान लुका दिसेपर्यंत

मुंबईला उतरून पुण्याला घरी पोचलो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न प्रवासाबद्दल नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लांबड्या वस्तूकडे बघत ती म्हणाली, "पडद्याची दांडी तिकडनं कशाला आणलीस रे? लक्ष्मी रोडला मिळत नव्हती?"

ते लाटणं होतं. लांबी नव्वद सेंटिमीटर. टोकांना मुठी नाहीत, मधे फुगवटा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं जाड. मी कागद सोडून दाखवलं. आईने ते हातात घेऊन तोललं, ओट्यावरच्या आपल्या पोळपाटाकडे एकदा बघितलं आणि लाटणं मला परत दिलं. "पोळपाट तिकडंच राहिला वाटतं."

राहिलाच होता. इटलीतल्या बोलोन्या शहरात ज्यावर पास्त्याची पोळी लाटतात, ती फळी जवळजवळ टेबलाएवढी असते. ती विमानात कोण घेणार?

बोलोन्याला माझी भाची पीएचडी करते. तिच्याकडे मार्चमध्ये अठरा दिवस राहिलो. ती सकाळी विद्यापीठात जायची आणि मी रिकामा. शहरभर कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, त्यामुळे पाऊस असो, ऊन असो, माणूस नुसता चालत राहू शकतो. मुख्य चौकाजवळच्या जुन्या बाजारात फिरताना एका दुकानाच्या काचेमागे तीन बायका दिसल्या. पांढरे ॲप्रन, डोक्याला रुमाल, आणि समोर पिवळीधमक पोळी, चादरीएवढी. त्यातली एक ती पोळी लाटण्याला गुंडाळायची, उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. मी तिथे किती वेळ उभा होतो ते भाचीने नंतर मोबाइलमधल्या फोटोंवरून मोजलं: एक्केचाळीस मिनिटं.

या बायकांना 'स्फोल्यिना' म्हणतात. 'स्फोल्या' म्हणजे ती पातळ लाटलेली पोळी, आणि ती लाटणारी ती स्फोल्यिना. हा व्यवसाय आहे, नुसतं घरकाम नाही. त्याचं शिक्षण मिळतं, पगार मिळतो. दुकानांना त्या लागतात, खाणावळींना लागतात. मी चार सकाळींचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. सगळे त्यांना नुसतं 'सिन्योरा' म्हणत, मीही तेच म्हणत राहीन.

पहिल्याच दिवशी सिन्योरांनी विचारलं, "घरी पोळ्या करता ना तुम्ही लोक? मग तुम्हाला सोपं जाईल." मी मान डोलावली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात एकही पोळी लाटलेली नाही, हे परक्या मुलखात सांगायचा धीर झाला नाही. आमच्या घरात पुरुषांनी लाटायचं नाही असा नियम कोणी केलेला नव्हता; नियम करायची वेळच आली नव्हती.

सामान दोनच जिन्नसांचं. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. मीठ नाही, तेल नाही, पाणी नाही. फळीवर पिठाचा ढीग करायचा, मधे आळं करायचं, झाडाला करतो तसं. त्यात अंडी फोडायची आणि काट्याने फेटत फेटत आतल्या कडेचं पीठ थोडं थोडं ओढून घ्यायचं. बाहेरचा बांध फुटू द्यायचा नाही. माझा फुटला. अंडं फळीवरून ओघळत टेबलाच्या कडेला गेलं आणि सिन्योरांनी न बघता, एका हाताने, स्क्रेपरने ते परत आत लोटलं.

मग मळणं. इथे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं की ही आपली कणीक नव्हे. पोळीची कणीक मऊसूत असते, बोट रुतवलं तर खड्डा राहतो. हा गोळा घट्ट, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. हिशेब साधा आहे. अंड्याच्या आत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. पन्नास ग्रॅमचं अंडं म्हणजे सदतीस-अडतीस ग्रॅम पाणी, तेही शंभर ग्रॅम पिठाला. पोळीच्या कणकेत याच्या दीडपटीहून जास्त पाणी जातं. म्हणून हात दुखतात. तळहाताच्या टाचेने ढकलायचं, दुमडायचं, पाव वळसा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. दहा-पंधरा मिनिटांनी गोळा अचानक शहाण्यासारखा वागायला लागतो: चिकटत नाही, गुळगुळीत होतो, दाबला तर हळूच परत वर येतो. गव्हातली दोन प्रथिनं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, ओलाव्याने एकमेकांत गुंतून जाळं विणतात. ते जाळं विणलं गेल्याची ही खूण. त्यानंतर गोळ्यावर वाडगा पालथा घालून अर्धा तास विसरून जायचं. ताणलेलं जाळं तेवढ्या वेळात सैलावतं. न सैलावलेली कणीक लाटायला घ्या. लाटणं उचललं की ती रुसल्यासारखी परत आक्रसते.

लाटणं मात्र निव्वळ वेगळी विद्या. आपली पोळी लाटण्याखाली आपोआप फिरते. फिरवणारी बाई ती फिरवतेय असं वाटूही देत नाही. स्फोल्या अशी फिरवता येत नाही, कारण ती फळीभर पसरलेली असते. तीन अंड्यांची पोळी एक मिलिमीटरच्या आत लाटली तर तिचा व्यास पाऊण मीटरच्या घरात जातो. ती पाऊण भागापर्यंत लाटण्यावर गुंडाळायची आणि दोन्ही तळहात लाटण्याच्या मध्यापासून टोकांकडे सरकवत, किंचित दाबत, गुंडाळी पुढेमागे करायची. दाबण्यापेक्षा ताणणं जास्त. मग उलगडायची, पाव वळसा द्यायचा, परत गुंडाळायची. कडा जाड राहिल्या तर सिन्योरा काही न बोलता माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवायच्या आणि ती इंचभर बाहेर सरकवायच्या. आणि हे भरभर व्हायला हवं, कारण पोळी सुकत असते. सुकली की तडकते. माझ्या पहिल्या पोळीला तीन भोकं होती आणि आकार साधारण छत्तीसगडचा.

पोळी पुरेशी पातळ झाली हे ओळखायचं कसं? बोलोन्याच्या नैर्ऋत्येला टेकडीवर सान लुकाच्या मातेचं देऊळ आहे. तिथवर जाणारी कमानींची वाट जवळपास चार किलोमीटरची, कमानी ६६६. शहरातल्या बायका सांगतात, स्फोल्या खिडकीशी धरली की तिच्यातून सान लुका दिसलं पाहिजे. सिन्योरांच्या वर्गाच्या खिडकीतून सान लुका एरवीही दिसत नव्हतं, समोर बँकेची इमारत होती. "मग बँक दिसू दे," त्या म्हणाल्या.

पोळी कापडावर थोडी वाळवायची. हाताला मऊ चामड्यासारखी लागली की सैलसर गुंडाळायची आणि सुरीने फिती कापायच्या. या फिती म्हणजे 'ताल्यातेल्ले'. 'ताल्यारे' म्हणजे कापणे. इथे बोलोन्याचा एक मजेशीर हट्ट सांगायलाच हवा. १६ एप्रिल १९७२ रोजी इटालियन पाककला अकादमीने शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ताल्यातेल्लेचं अधिकृत माप नोंदवलं. शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. ही रुंदी म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! मनोरा ९७ मीटरहून थोडा उंच आहे, मी भागाकार करून बघितला: ७.९२ येतं. सोन्यात घडवलेला एक नमुनाही चेंबरने जपून ठेवला आहे. पुढे १९७४ मध्ये तोर्तेल्लीनीच्या सारणाची आणि १९८२ मध्ये ताल्यातेल्लेवर घालायच्या मांसाच्या 'रागू'चीही तिथेच नोंद झाली. ताल्यातेल्ले म्हणे लुक्रेझिया बोर्जियाच्या सोनेरी केसांवरून एका आचाऱ्याला सुचली. ही गोष्ट मात्र ऑगुस्तो मायानी नावाच्या बोलोन्याच्याच व्यंगचित्रकाराने विसाव्या शतकात गंमत म्हणून रचलेली आहे. आज ती अनेक ठिकाणी इतिहास म्हणून छापली जाते. आपल्याकडे या गोष्टीचं नवल वाटायचं कारण नाही.

कापताना वेड्यावाकड्या उरलेल्या तुकड्यांनाही नाव आहे: 'माल्तालियाती', म्हणजे वाईट कापलेले. ते सूपात किंवा शेंगांच्या रश्श्यात जातात. पहिले तीन दिवस मी फक्त माल्तालियातीच केले, ताल्यातेल्ले करायचा प्रयत्न करत.

पुण्यात परतल्यावर खरं शिक्षण सुरू झालं, कारण इथे सिन्योरा नव्हत्या आणि आई होती.

आई मूळची बार्शीकडची, माळकरी. अंडं घरात चालतं, ते आमच्यासाठी. तिचा नियम एकच: "माझ्या परातीला आणि पोळपाटाला अंडं लावायचं नाही." मग सुताराकडून तीन फूट बाय अडीच फुटांची फळी करून घेतली, खालच्या बाजूला पट्टी ठोकून, म्हणजे ती ओट्याच्या कडेला अडकते आणि लाटताना सरकत नाही. सुताराने विचारलं, "इस्त्रीला का?"

पहिली अडचण अंड्यांची. सिन्योरांची अंडी फोडल्यावर पंचावन्न ग्रॅम भरायची. आमच्या दुकानातली सहा अंडी मी वजनकाट्यावर फोडून पाहिली, एकही अट्ठेचाळीसच्या वर नाही. म्हणजे 'शंभराला एक' हे सूत्र इथे कोरडं पडतं. तीनशे ग्रॅम पिठाला तीन अंडी आणि एक जास्तीचा बलक घातला तेव्हा गोळा जमला. रंग मात्र आला नाही. इटलीत पास्त्यासाठी गडद केशरी बलकाची अंडी वेगळी मिळतात, कोंबड्यांचं खाद्यच तसं असतं. माझी पोळी फिकट, आजारी दिसायची. हळद घालावी असा मोह झाला. घातली नाही, एवढं श्रेय मला द्या.

दुसरी अडचण पिठाची. इटालियन पाकिटावर '००' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे लोकांना वाटतं, हे काही खास ताकदीचं पीठ. तो आकडा दळण किती शुभ्र, कोंडा किती कमी, एवढंच सांगतो. चांगला मैदा त्याच्या जवळ जातो. कणकेचा हट्ट मी दोनदा केला. चक्कीच्या पिठात दगडाखाली पिष्टमय कण तुटलेले असतात, ते पाणी जास्त ओढतात, आणि कोंड्याचे कण पातळ पोळीला आतून कापतात. पोळी फाटते. पोळीला जे पीठ उत्तम ते स्फोल्याला नको. हे मला दीड किलो कणीक वाया घालवल्यावर समजलं. आईला ते आधीच माहीत होतं आणि तिने ते सांगितलं नाही. का, विचारल्यावर म्हणाली, "तू विचारलंस कुठं?"

शिजवणं दोन ओळींत संपतं. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ, खळखळून उकळी, आणि ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत तयार. पाण्याजवळून हलायचं नाही. वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायचं, त्यातल्या पिष्टाने रस्सा फितींना धरून राहतो. आणि एक समज खोडायला हवा: ताजा म्हणजे वाळलेल्या पास्त्यापेक्षा वरचा, असं इटलीत कोणी मानत नाही. दोन वेगळ्या वस्तू आहेत. वाळलेल्या पास्त्यासाठी तिथे १९६७ पासून कायदा आहे, तो ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. उत्तरेच्या पो नदीच्या खोऱ्यात मऊ गहू आणि कोंबड्या, म्हणून तिथे अंड्याची पोळी. दक्षिणेत ड्युरम, म्हणून तिथे नुसता रवा आणि पाणी.

या दक्षिणेमुळे आई कामाला आली.

माळ घातलेल्या बाईला अंड्याचा पास्ता देता येत नाही. पार्मिज्यानो चीजही देता येत नाही, कारण त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं. म्हणून मी पुल्या प्रांताकडे वळलो. तिथल्या बारी शहराच्या जुन्या भागात, किल्ल्यासमोरच्या गल्लीत, बायका दाराबाहेर टेबलं मांडून 'ओरेक्क्येत्ते' वळत बसतात. शब्दाचा अर्थ 'चिमुकले कान'. ड्युरमचा बारीक रवा, त्याच्या निम्मं कोमट पाणी. मळून, मुरवून बोटाएवढी वळी करायची, छोटे तुकडे पाडायचे, बोथट सुरीने तुकडा फळीवर आपल्याकडे ओढायचा, तो गुंडाळला जातो, मग अंगठ्यावर उलटा करायचा. कान तयार. मी बारीला गेलेलो नाही. भाचीने व्हिडिओ पाठवला होता, तो आईला दाखवला.

आईने चष्मा वर केला. "हे नखुलेच की. सुरीनं कशाला करतेय? तिला नख नाही का?"

आणि मग तिने सांगितलं ते मी बावन्न वर्षांत ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असेल, पण लक्ष दिलेलं नव्हतं. बार्शीला लग्नाच्या आधी महिनाभर बायका दुपारच्या एकत्र बसून वळवट करायच्या. बोटांच्या चिमटीत वळलेले तांदळाएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, बोटवे, मालत्या, आणि हाताने ताणून काठीवर वाळत घातलेल्या शेवया. सुपात पडलेला प्रत्येक गव्हला सारखा हवा, कारण रुखवतात मांडल्यावर व्याह्यांकडच्या बायका निरखून बघायच्या. "तेव्हा रवा खपलीचा नाहीतर बन्सीचा. साध्या गव्हाला ताण येत नाही."

हे वाक्य तिने सहज टाकलं. बन्सी म्हणजे ड्युरमच. खपली म्हणजे इटलीत ज्याला 'फार्रो' म्हणतात तोच गहू, आणि ड्युरम त्याच्याच कुळातून आलेला. पुण्यात, आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमच्या आणि खपलीच्याही सुधारित जाती काढल्या आहेत. 'एमएसीएस ४०२८' या ड्युरम जातीत प्रथिनं चौदा टक्क्यांहून जास्त आहेत. मी आयात केलेल्या रव्याचं पाकीट शोधत हिंडत होतो, आणि दुकानातला साधा रवा आणून 'जमत नाही' म्हणत होतो. तो साधा रवा बहुतेक वेळा पोळीच्याच गव्हाचा असतो.

बन्सीचा रवा मिळवायला दोन आठवडे गेले. शेवटी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे माळव्यातला मिळाला. आईने तिच्या परातीत, तिच्या हाताने भिजवला. मी वजनकाटा पुढे केला, तिने तो कोपराने बाजूला सारला. पाणी एकदम नाही, शिंतोडे मारत. मग ओला फडका टाकून तासभर. मग पुन्हा मळला, कुटल्यासारखा, आपटून. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "तू ते कान कर तुझे."

मी सुरीने ओरेक्क्येत्ते वळले. तासात एकशे दहा, त्यातले सत्तर कानासारखे. तिने नखुले केले. मी मोजायचं सोडून दिलं. मुळ्याचा कोवळा पाला, लसूण, मिरची तेलावर परतून त्यात ते टाकले. चीजच्या जागी पावाचा चुरा तेलात कुरकुरीत करून घातला, पुल्यातल्या गरिबांच्या स्वयंपाकघरात असाच घालायचे. आईने दोनदा घेतलं. तिचं मत असं: चव बरी आहे, पण हे वरणात सोडलं असतं तर जास्त बरं झालं असतं. चकोल्या खात वाढलेल्या माणसाकडून याहून वेगळं मत यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मला चेंबर ऑफ कॉमर्समधली ती सोन्याची फीत तेव्हापासून थोडी टोचते आहे. हसू येतं, पण हेवाही वाटतो. बोलोन्याच्या घरातली जी कारभारीण पूर्वी रोज पहाटे स्फोल्या लाटायची, तिच्या हातातल्या कामाला शहराने नाव दिलं, माप दिलं, पगार दिला. काचेमागे बसवलं आणि रस्त्यावरचा माणूस एक्केचाळीस मिनिटं बघत राहील असं केलं. यात पर्यटकांचा बाजारही आहे, नाही असं नाही. बारीच्या बायकांना २०१९ मध्ये त्याचा दुसरा चेहरा दिसला: लेबल नसलेले, कुठे बनले याची नोंद नसलेले ओरेक्क्येत्ते एका खाणावळीत सापडले, तपासणी झाली, माल फेकला गेला, आणि दारात बसून वळणाऱ्यांना बिल आणि परवाना ही भाषा ऐकावी लागली. पण भांडण व्हायलाही ते काम कुणाच्या तरी नजरेत असावं लागतं. आपल्याकडे लाटण्याला मोल आलंच नाही असं म्हणता येणार नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं 'लिज्जत' झालं. वळवटाचं मात्र काही झालं नाही. रुखवतात आता प्लास्टिकच्या पिशवीतले गव्हले असतात, बऱ्याचदा यंत्रावरचे. कुणी माप नोंदवलं नाही. आईला विचारलं, गव्हला नेमका केवढा हवा? ती म्हणाली, "गव्हल्याएवढा."

त्या नव्वद सेंटिमीटरच्या लाटण्यावर माझा हात आता बराच बसला आहे. रविवारी सकाळी करतो. परवा दोन अंड्यांची पोळी एका दमात, भोक न पडता लाटली आणि उचलून गॅलरीच्या दाराशी धरली. आईला हाक मारली. ती दोन हातांवर उभी राहिली, अंड्यापासून अंतर ठेवून.

"दिसतंय का काही?"

"जोशांच्या टाकीचा नळ वाहतोय," ती म्हणाली. "फोन कर त्यांना."

मी फोन करून येईपर्यंत पोळी कडेने सुकून तडकली होती, म्हणजे पुन्हा माल्तालियाती. मी सुरी घेऊन बसलो. बन्सीच्या रव्याचा लिंबाएवढा गोळा सकाळपासून वाटीखाली शिल्लक होता, तो आईने मांडीवरच्या सुपात घेतला होता. बोटांकडे न बघता, टीव्हीवरच्या बातम्या बघत ती गव्हले वळत होती. बातम्या संपल्या, मालिका सुरू झाली. ती आवडत नाही म्हणून तिने आवाज बंद केला, पण सूप खाली ठेवलं नाही.